मंजूर भार

वास्तुशांतीला आलेली माणसं नव्या घरात काय काय बघतात! बायका ओट्याचा दगड बघतात, पुरुष बाल्कनीतून काय दिसतं ते बघतात, पोरं लिफ्ट वर-खाली करून दमतात. आमचे अण्णा चपला काढता काढताच दारामागे वळतात. तिथे भिंतीत मेन स्विच आणि एमसीबींची डबी असते. तिचं झाकण उघडून, चष्मा कपाळावर चढवून, मान तिरकी करून ते आत बघत राहतात. यजमान प्रसादाचा द्रोण घेऊन अदबीनं बाजूला उभा.

"छान आहे," अण्णा म्हणतात. यजमान खुलतो.

"डबी छान आहे. वायर कितीची टाकलीय?"

यजमानानं सत्तर लाख मोजलेले असतात, टाइल्सचा नंबर त्याला पाठ असतो, पण वायर कितीची हे त्याला ठाऊक नसतं. "चांगली टाकलीय," तो पुटपुटतो. अण्णा द्रोण हातात घेतात आणि तो शिरा अशा चेहऱ्यानं खातात की भटजींनाही वाटावं, शांतीत काहीतरी राहून गेलं.

असा एक माणूस बहुतेक सोसायट्यांत असतो. कुठे तो बँकेतून निवृत्त झालेला असतो आणि व्याजदर विचारतो, कुठे पाणीपुरवठ्यातला असतो आणि टाकीत वाकून बघतो. आमच्या वाट्याला विजेचा आला. अण्णा बोर्डातून निवृत्त झाले. 2005 साली वीज मंडळाचे तुकडे होऊन त्यांना महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशी भारदस्त नावं मिळाली, पण अण्णांच्या तोंडी अजून बोर्डच आहे. "आमच्या बोर्डात" असं वाक्य सुरू झालं की काकू उठून कुकर लावायला जातात. तीन शिट्ट्या होईपर्यंत ते वाक्य संपत नाही हा त्यांचा अनुभव आहे.

कोणी नवी वस्तू आणली की आपण किंमत विचारतो. अण्णा वस्तू उलटी करतात. प्रत्येक यंत्राच्या पाठीला किंवा बुडाला एक चंदेरी पट्टी असते, ती वाचल्याशिवाय त्या यंत्राशी त्यांची ओळख झाली असं होत नाही. आमचा मिक्सर त्यांना 'साडेसातशे' म्हणून ठाऊक आहे. "साडेसातशे काय म्हणतोय?" असं ते जिन्यात विचारतात, आणि तो बरा आहे असं आम्ही सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी इन्स्टंट गिझर घेतला तेव्हा त्यांच्या सासूबाईंना गाठून अण्णा म्हणाले, "तीन हजार आलेत म्हणे तुमच्याकडे." सुनेच्या माहेरून आलेले पैसे आपल्यापासून लपवले गेले, अशा समजुतीत त्या माउलीनं आठवडा काढला.

त्यांच्या खिशात पेनशेजारी टेस्टर असतो. पिवळ्या पारदर्शक मुठीचा, टोक जरा झिजलेलं. तो वापरायची त्यांची एक पद्धत आहे आणि ती बघण्यासारखी आहे. आधी चालू असलेल्या सॉकेटात टेस्टर घालून आतला दिवा पेटतो का ते बघायचं. मग संशयित जागी. मग पुन्हा त्या पहिल्या चालू सॉकेटात. असं तीनदा का, हे विचारायचं धाडस एका नव्या वायरमननं केलं होतं. अण्णा शांतपणे म्हणाले, "टेस्टर मेलेला असेल तर तो पेटणार नाही. त्याच्या भरवशावर तुम्ही हात घालाल. मग दोघंही मेलेले." तो मुलगा आता तीनदा बघतो. त्याची बायको अण्णांना दिवाळीला चकल्या पाठवते.

झिरोच्या बल्बवर तर त्यांचं एक संपूर्ण निरूपण आहे. झिरोचा बल्ब शून्य वॅट खातो या समजुतीवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या रात्रभर देवघरात तो जाळत आल्या. प्रत्यक्षात तो जुना बल्ब पंधरा वॅटचा. "रोज दहा तास, महिन्याला साडेचार युनिट. शून्याची किंमत काढा," असं म्हणून ते समोरच्याच्या हातात पेन देतात. आता सगळीकडे एलईडी आले. अण्णांना आनंद झाला, पण एक चांगलं निरूपण वाया गेल्याची हळहळही आहे.

उन्हाळ्यात ते पार्किंगमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीनं पाणी घालतात. खाली मीठ-कोळशात पत्रा पुरलेला असतो. माती सुकली की अर्थिंग नावापुरतं उरतं, म्हणून ही निगा. एप्रिलच्या उन्हात पंचा गुंडाळलेला वयस्क गृहस्थ सिमेंटच्या छोट्या चौथऱ्यावर भक्तिभावानं पाणी ओततो हे दृश्य बघून दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरू बाईंनी तिथे एक जास्वंदीचं फूल वाहिलं. अण्णांनी ते काढलं नाही. "असू दे," म्हणाले. "भीतीपोटी का होईना, कोणी त्यावर कचरा टाकणार नाही."

पण त्यांचं खरं दैवत निराळं. एसी घ्यायचा, इन्डक्शन घ्यायचं, पार्किंगमध्ये गाडीचं चार्जिंग हवंय, असं काहीही त्यांच्या कानावर गेलं की पहिली आज्ञा होते: "बिल आणा." बिल आलं की रकमेकडे ते ढुंकून बघत नाहीत. त्यांचं बोट सरकत जातं ते 'मंजूर भार' या दोन शब्दांवर. "भरायचे किती ते सगळे बघतात. मागितलेत किती ते कोणी बघत नाही." आणि खरंच, कागदावर दोन किलोवॅटचं घर, म्हणजे चार पंखे, ट्यूबलाइटी आणि एक फ्रिज असलेलं, आत मात्र दीड टनाचे दोन एसी, दोन गिझर, मायक्रोवेव्ह आणि सुनेची ओव्हनमध्ये केक करायची हौस. वीस वर्षांत संसार चौपट झाला, अर्ज कोणी केला नाही. "चालतंय की," असं मालक म्हणतो. या एका वाक्यानं अण्णांचं रक्त तापतं. "चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही. वायर आत तापतेय, ती तुम्हाला फोन करून सांगणार नाही."

मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडतं ते मात्र याच्या पुढचं. भार काढायचा म्हणजे नुसती बेरीज करायची नसते. चोवीस फ्लॅटमधले चोवीस गिझर, दोन-दोन किलोवॅटचे, बेरीज अठ्ठेचाळीस. पण चोवीस गिझर एका वेळी कधीच चालत नाहीत. मग किती चालतात? याला बोर्डाच्या भाषेत डायव्हर्सिटी म्हणतात, आणि ती काढायची तर माणसं माहीत असावी लागतात. अण्णांना ती आहेत. पहिल्या मजल्यावरचे कुलकर्णी पाचला उठून थंड पाण्यानं आंघोळ करतात, म्हणजे शून्य. त्यांच्यासमोरचा आयटीवाला दहाला उठतो. चौथ्या मजल्यावरच्या आजींचा गिझर दुपारी, कारण गुडघे. नवीन लग्न झालंय तिथे हल्ली वेळेचा भरवसा नाही, असं सांगताना ते डायरीत पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढतात. कोणाची सून बाळंतपणाला आलीय, कोणाचा मुलगा बारावीला असल्यामुळे रात्री दोनपर्यंत एसी लावतो, हे सारं त्यांना भोचकपणातून कळलेलं नाही. ते सगळं लोडमध्ये येतं.

आणि ही सगळी डायव्हर्सिटी वर्षातून एकदा कोसळते. नरकचतुर्दशीला. त्या पहाटे साऱ्या महाराष्ट्राला एकाच वेळी गरम पाणी हवं असतं, वर दारोदार आकाशकंदील आणि माळा. एरवी सात-आठ चालणारे गिझर पहाटे पाचला चोवीसच्या चोवीस लागतात. एका वर्षी पहिला फटाका वाजायच्या आत मीटररूममधला फ्यूज वाजला आणि तेल-उटणं लावलेली निम्मी सोसायटी अंधारात पंचा गुंडाळून जिन्यात आली. तेव्हापासून अण्णा दिवाळीच्या आधी नोटीस बोर्डावर वेळापत्रक लावतात. सम क्रमांकाचे फ्लॅट साडेचार ते पाच, विषम क्रमांकाचे पाच ते साडेपाच. विषमवाल्यांची दरवर्षी तक्रार असते की तोवर नरकासुर मेलेला असतो.

हेच अण्णा तीन वर्षांमागे सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला गेले, आणि तिकडे जावईबापूंनी हॉट टब घ्यायचं ठरवलं.

जावई सज्जन. सासरेबुवांचे गुडघे दुखतात, मागच्या अंगणात सहा जणांचा टब बसवू, संध्याकाळी गरम पाण्याच्या फवाऱ्यात बसतील, असा त्यांचा प्रेमळ हेतू. सवलत चालू होती, घरपोच आणून देणार होते. त्यांनी रंग निवडला, आसनांचा नकाशा निवडला, आणि रात्री जेवताना ही बातमी सांगितली. अण्णांनी भाताचा घास खाली ठेवला.

"लोड किती?"

"बाबा, दोनशे चाळीस व्होल्ट, पन्नास अँपिअरची लाइन हवी म्हणतात. इलेक्ट्रिशियन येऊन जोडून जाईल."

"पन्नास गुणिले दोनशे चाळीस," अण्णा म्हणाले, "बारा किलोवॅट. आपल्या पुण्याच्या घरासारख्या सहा घरांचं कनेक्शन तुम्ही एका टबाला देताय." मग जरा थांबून, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, जावईबापू, आणि पॅनल पाहून टबात."

पुढचे काही दिवस आम्हाला व्हिडिओ कॉलवर जी अमेरिका दिसली ती तळघरातली. काकू मधूनच फोन हिसकावून ट्युलिप दाखवायच्या, की लगेच अण्णांचा आवाज: "ते राहू दे, यांना पॅनल दाखवतो." करडा लोखंडी डबा, आत ब्रेकरच्या दोन उभ्या रांगा, दाराच्या आतल्या बाजूला जुन्या घरमालकानं पेन्सिलीनं लिहिलेली यादी. किचन, गॅरेज, आजीची खोली, आणि एका ब्रेकरसमोर फक्त प्रश्नचिन्ह. ते बघून अण्णांना तो न पाहिलेला गोरा म्हातारा एकदम घरचा वाटला.

घर 1960च्या दशकातलं, मुख्य ब्रेकर शंभर अँपिअरचा. हल्ली तिकडे नव्या घरांना सर्रास दोनशेचा असतो. त्या शंभरात आधीच कोण कोण राहतंय हे बघणं आलं. कुठला ब्रेकर कुठे जातो ते शोधायला अण्णांनी दुपार निवडली, ते तळघरात एकेक ब्रेकर पाडणार आणि काकू वर खोल्याखोल्यांतून फिरून दिवे गेले की ओरडून सांगणार. तिसऱ्या ब्रेकरला मुलीची ऑफिसची मीटिंग तुटली. पाचव्याला माजघरातले दिवे गेले आणि काकू जिन्याच्या तोंडाशी येऊन जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "गेले! अहो, गेले!" मागच्या घरातल्या सोलापूरच्या वहिनी हातातलं लाटणं न ठेवताच कुंपण ओलांडून धावत आल्या. काकूंच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात करणार तोच तळघरातून आवाज आला, "कुठले गेले ते नीट सांग!"

प्रश्नचिन्हाचा ब्रेकर कुठे जातो हे त्या दुपारीही सापडलं नाही. ते शल्य अण्णांना अजून आहे.

मग हिशेब. तिकडे घरगुती वायरिंगची एक संहिता आहे, 1897पासून चालत आलेली, दर तीन वर्षांनी सुधारणारी. अण्णांनी ती जमेल तेवढी वाचून काढली. घराच्या दर चौरस फुटाला तीन व्होल्टअँपिअर धरायचे. अठराशे चौरस फुटांचे झाले चोपन्नशे. स्वयंपाकघरातल्या दोन लाइनींचे तीन हजार, कपड्यांच्या मशीनच्या लाइनीचे दीड हजार. विजेची शेगडी दहा हजार, कपडे वाळवायचा ड्रायर पाच, भांड्यांचं मशीन बाराशे, मायक्रोवेव्ह पंधराशे. टबाच्या पट्टीवर लिहिलेले शहाण्णवशे. पहिले दहा हजार पूर्ण धरायचे, उरलेल्याचे फक्त चाळीस टक्के, कारण सगळं एका वेळी चालत नाही. इथे अण्णा खुर्चीत सरसावून बसले. म्हणजे डायव्हर्सिटी इथेही आहे! वर एसीचे पाच हजार पूर्ण. एकूण 25,880. भागिले 240. उत्तर 107.8.

"एकशे आठ," मुलगी वाकून बघत म्हणाली. "बाबा, माळ पूर्ण झाली."

"टब नसला तर ब्याण्णव," अण्णा म्हणाले. "म्हणजे तुम्ही आत्ता काठावर उभे आहात. आणि हे चाळीस टक्के त्यांच्या लोकांसाठी आहेत. तुमच्याकडे गणपतीला चाळीस माणसं जेवायला असतात. शेगडीच्या चारही चुली पेटलेल्या, खाली ड्रायर, वर एसी, आणि पोरं टबात. त्यांच्या संहितेत गणपती धरलेला नाही."

परवानाधारक इलेक्ट्रिशियन आला तो सहा फूट उंच, मोजकं बोलणारा. त्यानं फोनवर आकडे भरले आणि 107.8 दाखवले. अण्णांनी विम्याच्या जुन्या डायरीचं पान पुढे केलं. त्यानं ते देवनागरी आकडे निरखून पाहिले, शेवटचा भागाकार ओळखला, टोपी काढली आणि अण्णांशी हस्तांदोलन केलं. निवृत्तीच्या समारंभातही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता, असं काकू सांगतात. त्यानं वाटा सांगितल्या. साध्या 120 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा टब घ्या, त्याचा हीटर जेमतेम दीड किलोवॅटपर्यंतचा, पाणी तापायला वेळ लागेल. शेगडी गॅसची करा, म्हणजे जागा होईल. नाहीतर सर्व्हिस दोनशेची करून घ्या, नगरपालिकेचा परवाना आणि काही हजार डॉलर. मुलगी शेगडी सोडेना, जावई टब सोडेना. दोनशेचं ठरलं. अण्णांच्या चेहऱ्यावर मंजूर भार वाढवून घेणारा आदर्श ग्राहक भेटल्याचं समाधान होतं.

काम चालू असताना ते खुर्ची टाकून अंगणात बसले. टबाचं पाणी भरल्यावर दीड टनाचं वजन होणार, म्हणून तो लाकडी डेकवर न ठेवता काँक्रीटवर घ्यायला लावला. टब बंद करायचा स्विच काठापासून निदान पाच फूट दूर आणि टबापाशी उभं राहून दिसेल असा हवा, तर टेप काढून मोजून घेतलं. पण ते भाळले ते ब्रेकरवर. पाण्यात माणूस आणि विजेची गळती फक्त पाच मिलिअँपिअर झाली तरी हा तुटतो. आपल्याकडे घरात तीसचा बसवतात. त्याचा इतिहास त्यांनी शोधून काढला आणि आम्हाला फोनवर ऐकवला. बर्कली विद्यापीठातले प्राध्यापक डॅल्झील यांनी माणसाला किती करंट सोसतो हे तपासण्यात हयात घालवली आणि 1961 साली हे उपकरण केलं. आणि त्याच बर्कली गावात जकुझी नावाच्या इटालियन भावांचा पंपांचा कारखाना होता. त्यातल्या एकाचा मुलगा लहानपणापासून संधिवातानं आजारी, त्याच्यासाठी बापानं टबात ठेवून पाणी घुसळणारा पंप केला. 1956 साली तो बाजारात आला. "बघा," अण्णा म्हणाले, "एकाच गावात एकानं माणसाला टबात बसवलं आणि दुसऱ्यानं तो जिवंत बाहेर येईल याची सोय केली. पण नाव कोणाचं झालं?"

पाणी तापलं. जावईबापू सरबताचा ग्लास घेऊन आत बसले. अण्णांनी टेस्टचं बटण दाबलं. खट्. फवारे गप्प, दिवे गप्प. "चाललाय," अण्णा समाधानानं म्हणाले. दर महिन्याला तपासावं असं पुस्तिकेत लिहिलं होतं. अण्णा रोज तपासत. स्वतः आत उतरायला त्यांनी आठवडा घेतला, आणि उतरले तेही बनियनसकट, चष्मा लावून, नजर त्या पाच फुटांवरच्या स्विचवर.

ऑक्टोबरात ते परतले. नोटीस बोर्डावर सम-विषमचा कागद लागला. चतुर्दशीच्या पहाटे साडेपाचला ते मीटररूमच्या दारात उभे होते, अंगाला उटण्याचा वास, कान आतल्या गुणगुणीकडे. विषमवाले मुदतवाढ मागत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तिकडे आदल्या संध्याकाळचे आठ वाजले होते. अण्णांनी स्पीकर लावला.

"बाबा, उद्या पहाटे अभ्यंगस्नान टबातच करावं म्हणतोय. सगळे एकदम बसू. चालेल ना?"

जिन्यातली माणसं गप्प झाली. अण्णांनी डोळे मिटून हिशेब केला.

"लोडला चालेल. पण तेल लावून उतरायचं नाही, फिल्टर बसेल. उटणं तर मुळीच नाही. आधी बाथरूममध्ये साबणानं स्वच्छ आंघोळ करा, मग टबात बसा."

"पण बाबा, मग अभ्यंग कसलं?"

"आणि हो," अण्णा म्हणाले, "ड्रायर बंद."